रणगाड्यावरचा अंगठा

आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा टेबलावर त्यांचा रणगाडा अर्धाच राहिला होता. प्लास्टिकचा, सुटे भाग जोडून करायचा, तळहातापेक्षा थोडा मोठा. वर्षश्राद्धाच्या आत तो पुरा करून त्यांच्या फोटोशेजारी ठेव, असं आईनं मला बजावलं होतं.

हा नाद मूळचा माझा. आप्पांनी नगरला लष्कराच्या वर्कशॉपात खऱ्या रणगाड्यांचे नटबोल्ट आवळण्यात उमर घालवली. माझी खेळणी बघून ते हसायचे. पण रिटायर झाले, पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात अर्धामुर्धा परत मिळाला आणि एक दिवस त्यांनी आपण होऊन खुर्ची ओढली. दोन भाग जुळवले की ते डोळे मिटून सांध्यावरून अंगठा फिरवायचे. "डोळा फसतो, अंगठा न्हाई फसत," म्हणायचे. मला न दिसलेली फट त्यांना हमखास लागायची. मग ती भरायला लांबी. गाडीचा पोचा भरणारे गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात, तसलीच.

माझा स्वभाव खवट, त्यात हे काम निगुतीचं. मॉडेल जोडायचं सोल्युशन गोंदासारखं नसतं. ते प्लास्टिकच विरघळवतं आणि दोन भाग एकजीव करतं. ओल्या जागी बोट टेकलं की ठसा कायमचा. एका रविवारी आप्पांच्या हातून थेंब सांडला आणि सवयीनं त्यांनी नेमका तिथंच अंगठा ठेवला. हात थरथरत होता, झटकन उचलता आला नाही. रणगाड्याच्या मागच्या पत्र्यावर रेघ न् रेघ उमटली.

"महिन्याची मेहनत मातीत घातलीत," मी म्हणालो. "जमत नाही तर हात कशाला लावता, आप्पा?"

आणि रागानं बाहेर निघून गेलो. त्यानंतर ते टेबलाशी आले नाहीत आणि मीही त्यांना बोलावलं नाही. दोन महिन्यांनी दुसरा झटका आला, त्यातून उठलेच नाहीत. माफी मागायला मला दोन महिने होते. मला स्वतःची शिसारी येते.

श्राद्धाला आठ दिवस उरले तेव्हा मी खोक्यात भरून ठेवलेला रणगाडा बाहेर काढला. सुटे भाग ज्यांना चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या उरलेल्या काड्या सोल्युशनमध्ये विरघळवून लांबी केली, फटी भरल्या, वाळू दिल्या, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासल्या. मागच्या पत्र्यावरचा ठसा दिसला नाही असं नाही. चांगला दिसला. पण मला तो बघवेना. दिसला की माझंच वाक्य कानात वाजायचं. आप्पांच्या कामात खोट राहायला नको, असं स्वतःला सांगून मी त्यावरही लांबी भरली. तीनदा घासलं. डोळे मिटून अंगठा फिरवला, कुठं काही लागलं नाही. वर हिरवा रंग दिला. वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

श्राद्धाच्या सकाळी आई फोटो पुसत होती. मी रणगाडा तिच्या हातात दिला. तिनं तो लगेच उलटा फिरवला आणि मागच्या पत्र्यावर बोट ठेवलं.

"हितं त्यांचा अंगठा हुता," ती म्हणाली.

"भरून घेतला. वाईट दिसत होता."

तिचं बोट तिथंच फिरत राहिलं. "तू रागानं भाईर गेल्तास ना, तवा मला हाक मारून दावला त्यांनी. म्हनले, बघ, एवढ्या गाड्या हाताखालून गेल्या, पर माझी निशानी एकीवर बी न्हाई. हिच्यावर ऱ्हायली. लई खूश हुते."

"मग परत बसले का नाहीत?"

"हात पार गेल्ता रं. तुला सांगू नको म्हनले."

आईनं फोटोला हार घातला. रणगाडा मात्र फोटोशेजारी ठेवला नाही. माझ्या टेबलावर नेऊन ठेवला आणि पानं वाढायला आत गेली.