नमुन्यातून वगळलेली मुलगी

चाळिशी ओलांडल्यावर मला डॉक्टर व्हायची हुक्की आली. औषध देणारी नव्हे, मानसशास्त्रातली. विषय होता दहावीतल्या मुलांची व्यवसायाची आवड आणि त्यांनी पुढे निवडलेलं शिक्षण. आमचे हे प्लांटात, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात, नोकरीला. विषय ऐकून म्हणाले, "भिलाईत यात शोधायचं काय आहे? आवड इंजिनिअरची, नाई जमलं त डॉक्टरची. झाली तुझी पीएचडी." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. आज वाटतं, माझ्या जाडजूड प्रबंधाचा सारांश या माणसानं चहा संपायच्या आत सांगून टाकला होता.

त्या काळातली मी म्हणजे बघण्यासारखी बाई होते. कडक स्टार्चची सुती साडी, खांद्याला झोळी, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. चष्म्याचा नंबर काही फार नव्हता, पण दोरी शोभायची. नात तो जुना फोटो बघून म्हणते, "आजी, तू तो छापा मारने आई हुई लग रही है." चूक नाही तिची. शाळेत मी शिरायचे तीही तशीच.

पहिल्याच शाळेत मी वर्गापुढे उभी राहून ऐटीत सांगितलं की ही परीक्षा नाही, यात बरोबर-चूक काही नाही, जे आवडतं त्यावर खूण करा, नाव लिहू नका. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "मैडम, निगेटिव मार्किंग है क्या?" मी म्हटलं, मार्कच नाहीत. "तो सही आन्सर बाद में देंगी?" मी पुन्हा समजावलं. मागून कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "सब में हाँ लगा दे, सेफ रहेगा." आणि पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाच्या खुणा घंटा व्हायच्या आत शेवटच्या बाकापर्यंत पोचल्या.

आमच्या प्रश्नावलीत एक मेख असायची. तोच प्रश्न पुढे कुठेतरी वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलेला असे. दोन्हीकडे उत्तर सारखं आलं तर मूल मनातलं सांगतंय असं धरायचं. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गठ्ठे सोडून मी ताळा बघत बसायचे. कोणाचाच जुळेना. तिसऱ्या प्रश्नात ज्याला यंत्र उघडून बघायला आवडायचं, त्यालाच पुढे यंत्रांचा कंटाळा यायचा. मी चिडायचे. पोरं खोटारडी आहेत असं आमच्या ह्यांना सांगायचे. त्या पोरांना तोवर कोणी आवड विचारलीच नव्हती, तर ती त्यांना माहीत कुठून असणार, एवढी साधी गोष्ट त्या दोरीच्या चष्म्यातून दिसली नाही.

आणि मग एक कागद निघाला. नाव लिहू नका म्हटलेलं, तरी कोपऱ्यात गोल अक्षरात पूर्ण नाव. शेती, माती, बियाणं, कीड असल्या वीस प्रश्नांपैकी एक सोडून सगळ्यांना हो. बाकी सगळीकडे ठणकावून नाही. पुन्हा विचारलेल्या प्रश्नांतही तेच. "बागकाम करायला आवडेल का" याच्या समासात पेननं लिहिलेलं होतं, "करती तो हूँ."

पुढच्या वेळी त्या शाळेत गेले तर ती मुलगी स्टाफरूमच्या दाराशी उभीच.

"मॅडम, तुमी मराठी ना? माहा कागद पाहिला का?"

मी सावधपणे म्हटलं, पाहिला.

"त्याच्यात काय निंगालं, मले एका कागदावर लिहून द्या ना. शिक्का मारून."

तिला अकरावीला कृषी घ्यायचं होतं. तिच्या शाळेत तो विषय नव्हता, दुर्गच्या एका शाळेत होता. वडील गोंदियाकडच्या एका खेड्यातून शेती सोडून आलेले, प्लांटच्या स्टोअरमध्ये कारकून. "बाबा म्हनते, म्या चिखलातून पाय काढला न तू पुन्हा टाकून राहिली. मी लय समजावलं. आता म्हनते, कोनी शिकलेल्या मानसानं लिहून दिलं त पाहू. म्हून तुमाले मांगून राहिली."

एवढंच हवं होतं तिला. एक कागद, दोन ओळी, एक शिक्का. भिलाईत बोललेल्या शब्दाला काही किंमत नसते. गेट पासपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं कागदावर चालतं. हे मला ठाऊक होतं. पण मी तेव्हा संशोधक होते. मी तिला गोपनीयता समजावली. म्हटलं, "हे निष्कर्ष समूहाचे असतात, एकट्या व्यक्तीला द्यायचे नसतात."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "मंग बाबाले कोन सांगन? समूह?"

मी हसले नाही. ते वाक्य वर्षानुवर्षं माझं हसू पळवील, हे तेव्हा कुठे कळत होतं.

मे महिन्यात, निकाल लागल्यावर, ती रुआबांध्याच्या प्लांट कॉलनीतून सायकल मारत वैशाली नगरात आमच्या घरी आली. भर उन्हात, ओढणी डोक्याला गुंडाळून. पिशवीत त्यांच्या क्वार्टरमागे लावलेली वांगी होती, काटेरी देठांची. म्हणाली, "मॅडम, फॉर्म भराची शेवटची तारीख येत्या शनिवारी हाय. त्याच्या आधी द्या ना." मी तिला पन्हं दिलं आणि गोपनीयतेचं तेच पाठ केलेलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. वांगी मात्र ठेवून घेतली. वांगी गोपनीय नव्हती.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी माझ्या मार्गदर्शकांकडे सगळे आलेख घेऊन गेले. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं.

"हा ठिपका एकटाच इतका वर कसा?"

"सर, ही मुलगी खरं बोलते."

"ते असेल. पण तिच्यामुळे रेषा बिघडते. काढून टाका. नाव लिहिलंय ना कागदावर? सूचना पाळली नाही, म्हणून वगळला असं लिहा."

नातीला मी ही गोष्ट सांगते तेव्हा मी सरांशी भांडले असं सांगते. खरं तर मी "हो सर" म्हणाले आणि खोडायला त्यांच्याकडेच रबर मागितलं. अख्ख्या गठ्ठ्यात ताळा जुळलेला तो एकच कागद, आणि तोच मी बाहेर काढला.

परतीच्या बसमध्ये तो कागद झोळीत होता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की अभ्यासातून काढलेल्या कागदाला अभ्यासाची गोपनीयता कशी लागणार? तो आता तिचाच कागद. बाई, तू सुटलीस, असं मी स्वतःला म्हटलं. खूश होऊन घरी गेले.

आता कोणीही शहाणी बाई त्याच संध्याकाळी दोन ओळी खरडून रुआबांध्याला गेली असती. मी पत्राचा मसुदा केला. शनिवारचा अख्खा दिवस मी "आवड" लिहावं की "अभिरुची" शोभून दिसेल यात घालवला. तीनदा टाईप करून घेतलं. रविवारी सुट्टी. सोमवारी माझ्या कॉलेजचा शिक्का मारून, स्कूटीवर बसून मी त्यांच्या क्वार्टरला पोचले.

वडील भला माणूस. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला आणि पत्र उभ्यानंच दोनदा वाचलं.

"वीसपैकी एकोनीस," ते म्हणाले. "मॅडम, एक कुठं कटला?"

आतून मुलीचा आवाज आला, "कोंबड्याचा होता तो. मले कोंबड्या नाई आवडत."

वडील हसले. मग पत्राची नीट घडी करत म्हणाले, "शनिवारी बायो भरून टाकलं न आमी. फी बी भरली."

मी घाईघाईनं सांगितलं की बायो घेऊनही पुढे शेतकी कॉलेजला जाता येतं.

"बायो घेतलं त मंग डॉक्टरकीच पाहू ना, मॅडम."

"मी तीन दिवस आधी आले असते तर?"

त्यांनी जरा विचार केला. "पाहिलं असतं," म्हणाले.

हे "पाहिलं असतं" मी अजून चघळते आहे. खरंच पाहिलं असतं की पाहुणीचं मन राखायला म्हणाले, हे मोजायची प्रश्नावली काही मला सापडली नाही. मुलगी स्कूटीपर्यंत सोडायला आली. रडली वगैरे नाही. फक्त म्हणाली, "तारीख सांगतली होती मॅडम म्या तुमाले."

मी "हो" म्हणाले आणि किक मारत राहिले. स्कूटीही त्या दिवशी लवकर सुरू होईना.

मला डॉक्टरेट मिळाली. शेवटच्या प्रकरणात शिफारशी असतात. त्यात मी पहिली शिफारस केली होती, की प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या आवडीचा निष्कर्ष वेळेवर आणि लेखी मिळावा. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना ती फार आवडली. व्यवहाराला धरून आहे म्हणाले. मी मान लववून आभार मानले. त्या वेळच्या त्या बाईला आज समोर उभं करून मी तिचा कान धरीन म्हणते, पण कान माझाच निघतो.

मागच्या वर्षी दुर्गला एका लॅबमध्ये रक्त तपासायला गेले. सुई धरलेल्या बाईनं मास्क खाली केला. "मॅडम, वळखलं का?"

वळखलं. डॉक्टरकीची परीक्षा दोनदा देऊन झाली, नाही जमलं, मग लॅबचा कोर्स केला, असं तिनं शीर शोधता शोधता सांगितलं. बागेचं विचारायचं धाडस मला झालं नाही. तीच म्हणाली, "तुमचं ते पत्र बाबानं लॅमिनेट करून ठेवलं. सर्टिफिकेटच्या फाईलीत हाय. इथं इंटरव्ह्यूले आली तवा तेच पयले निंगालं. साहेब विचारून राहिले, हे काय हाय."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगतलं, आमच्या मॅडमनं पीएचडी केली, त्याच्यात मी बी होती."

तिनं कापूस दाबला आणि हात घडी करून ठेवायला सांगितलं. मी हात घडी करून बसले. तू त्यात नव्हतीस बाई, तुला मी रबरानं खोडलं, हे सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिनं पुढचा नंबर पुकारला.