कांतीशेठ आणि डोंगराआडचा सूर्य

मी पपईच्या शेतात होतो आणि कांतीच्या मुलाचा फोन आला. "काका, पप्पा गयात." सकाळीच दुकानात साडीच्या घड्या घालताना छाती दुखली म्हणाले, खाली बसले, ते उठलेच नाहीत. मी "हो" म्हणालो आणि बांधावरच बसलो. ज्या माणसाची वर्षानुवर्षं काळजी केली, तो काळजी करायला वेळ न देताच निघून गेला...

कांतीलाल आमच्या शहाद्याचा कापड दुकानदार. घराणं मूळचं मारवाडातलं, पण पठ्ठ्याची अहिराणी माझ्यापेक्षा गोड. आम्ही शाळेपासूनचे सोबती. मी त्याला कांती म्हणायचो, तो मला पाटील. जैन घराण्यातला म्हणून तो चौविहार पाळायचा, म्हणजे सूर्य मावळला की अन्नही नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. पुढे त्याला मधुमेह जडला, साखर अचानक उतरायला लागली, तरी नेम सुटला नाही. घड्याळ, पंचांग त्याला चालत नसे. डोळ्यांना दिसेल तोच सूर्य, असा त्याचा हट्ट.

काही वर्षांपूर्वी नर्मदेचा किनारा मोटारसायकलवरून पाहायचं ठरलं, हे खूळ त्याचंच. "आपला जिल्हाले समुद्र नही, पन नर्मदा ते शे ना?" एवढं म्हणून त्याने खाकऱ्याचा डबा आणि गूळ डिकीत टाकला. म्हसावद, मग घाट, मग धडगाव आणि पलीकडे पाण्याच्या कडेकडेने जाणारी कच्ची वाट. एका हाताला उभे काळे कडे, दुसऱ्या हाताला धरणाचं पसरलेलं पाणी, त्यात बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे. काठावर महूची, म्हणजे मोहाची, आणि आंब्याची अशी थोराड झाडं की कांती प्रत्येकापाशी गाडी थांबवायला लावी. उतरून खोडाला मिठी मारी, पुरत नाही म्हटल्यावर दुकानदारी सुरू. "पाटील, ह्या बाईले नववारी पुराव नही." मी हसत होतो, पण मनात धाकधूक होती. मधुमेहाच्या गोळ्या खाऊन निघालेला माणूस दुपारी नीट जेवला नव्हता. खा म्हटलं की म्हणे, अजून एक झाड पाहू.

शेवटी एका महूखाली बसून त्याने डबा उघडला आणि त्याच क्षणी सूर्य डोंगराआड गेला. कांतीने डबा बंद केला. "दिन बुडी गया."

सपाटीवरची माणसं आम्ही. आमच्याकडे सूर्य डोळ्यांसमोरून गेला की गेलाच. पण इथे वर डोंगरमाथ्यावर अजून लख्ख ऊन होतं. मी ते बोट करून दाखवलं, विनवण्या केल्या, चिडलो. "मन्हा डोयाले दखास नही," एवढंच तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. साखर उतरत चालली होती. मला सगळं कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. इतका भ्यायलो मी आयुष्यात कधी नाही.

त्याला मागे बसवलं, पंच्याने माझ्या कमरेला बांधलं आणि माथ्याकडे जाणारी दगडांची वाट धरली. चाक घसरलं असतं तर दोघेही पाण्यात. तो शुद्धीवर राहावा म्हणून मी ओरडून साड्यांची नावं विचारत होतो. इरकल, माहेश्वरी, पैठणी... आधी उत्तरं आली, मग नुसता हुंकार. मग तोही थांबला, आणि त्याचं डोकं माझ्या पाठीवर जड झालं.

माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य क्षितिजावर हातभर होता. "कांती, डोया उघड. दख." त्याने महत्प्रयासाने डोळे उघडले, पाहिलं, आणि मुकाट्याने तोंड उघडलं. मी गूळ घातला. थोड्या वेळाने म्हणाला, "खाकरा बी दे." मी रस्त्यातच बसून रडलो.

त्या दिवसापासून मी रोज दिवस कलला की त्याला फोन करू लागलो. "जेवना का?" तो वैतागायचा, चेष्टा करायचा, कधी "जेवी ऱ्हायनू" म्हणून चक्क खोटं सांगायचा, पण फोन उचलायचा. तो गेल्यावर मी फोन हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. माणूस गेल्यावर काळजी तरी जावी, तीही जात नाही.

परवा त्याच वेळी फोन वाजला. कांतीची बायको, विमलावहिनी. म्हणाल्या, "भाऊजी, तुमना फोन उना का मी त्यास्नं आनि मन्हं ताट मांडू. आते फोन येस नही, ताट मांडानं भान ऱ्हास नही. दिन बुडी जास... मंग मी तशीच झोपस."

चौविहार त्याही पाळत. इतके दिवस ही बाई रोज उपाशी झोपत होती. मी धावतच अंगणात आलो. मिरचीच्या वावरापलीकडे सूर्य टेकायला आला होता.

"वहिनी, दिन शे अजून. ताट मांडा."

पलीकडून ताट ठेवल्याचा आवाज येईपर्यंत मी फोन कानाला लावून उभा राहिलो.