बू वुर्यानी आणि विजेची पट्टी

सुराबायाच्या एका गल्लीत बू वुर्यानींच्या, म्हणजे वुर्यानीबाईंच्या, ओसरीवर एकतीस वर्षं अबॅकसचा वर्ग चालला. बाई हात कधी उगारत नसत, पण जीभ अशी की मार परवडला. "तुझ्यापेक्षा माझी कोंबडी बरी. निदान अंडी तरी चुकवत नाही," असं त्या आठ वर्षांच्या पोराला सर्वांदेखत सुनवायच्या. आयांचीही गय नसे. तरी लोक मुलं पाठवायचे, कारण त्यांच्याकडची मुलं डोळे मिटून चार आकडी गुणाकार करायची.

मग समोरच्याच घरात रेत्नोनं वर्ग उघडला. रेत्नो त्यांचीच विद्यार्थिनी, एकेकाळची सर्वांत हुशार. तिच्याकडे मुलं कपाळाला पट्टी बांधून बसत. पट्टीत दोन स्पंज, त्यातून वीस मिनिटं बारीकसा करंट. दारावर फलक होता: 'मेंदू जागा, गणित सोपं'. तीन महिन्यांत वुर्यानींच्या ओसरीवर बावीसची सहा मुलं उरली.

एके दिवशी त्या तरातरा रस्ता ओलांडून गेल्या.

"लाज नाही वाटत? पोरांच्या डोक्याला वायरी लावतेस?"

"या बू, बसा," रेत्नो जागची हलली नाही. "तुम्ही एकतीस वर्षं पोरांच्या डोक्याला जे लावलंत, त्यापेक्षा हे सौम्यच आहे."

"मी शिकवलं म्हणून तू आज—"

"तुम्ही? मलांगच्या स्पर्धेत माझी एक बेरीज चुकली, तर परतीच्या बसमध्ये तुम्ही सगळ्यांना सोयाबीनचं तळलेलं टेम्पे वाटलंत आणि मला वगळलंत. अकरा वर्षांची होते मी!"

"नऊच्या जागी चार लिहिला होतास."

"बघा, अजून पाठ आहे! एकदा स्वतः पट्टी बांधून बघा, नाहीतर तोंड बंद ठेवा."

रेत्नोची पट्टी बांधणं म्हणजे हार मानणं. म्हणून बाईंनी विद्यापीठ गाठलं. तिथं डॉक्टर प्रामेस्ती नावाची एक शांत बाई हाच करंट मोठ्या माणसांवर तपासत होती. वुर्यानींनी नाव नोंदवलं.

दहा दिवस त्या रोज गेल्या. मिठाच्या पाण्यात चिंब भिजवलेले स्पंज कपाळावर बसत, मुंग्या येत, कातडी खाजे. मग पडद्यावर कधी न पाहिलेली चिन्हं येत. कुठलं मोठं, कुठलं लहान हे शिकायचं. प्रामेस्तीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काहींना खरा करंट मिळतो, काहींना नुसतं सुरुवातीला खाजवून बंद करतो. कुणाला काय, ते शेवटी कळेल."

"मला खोटाच दिलाय," वुर्यानी रोज म्हणत. "मी काय खुळी आहे?"

शेवटी कागद हातात आला. करंट खरा होता. प्रामेस्तीनं समजावलं, "नवी चिन्हं तुम्ही इतरांपेक्षा जरा लवकर शिकलात. पण शिकलेलं झटपट वापरायची वेळ आली तेव्हा मागे पडलात. आणि बू, एका माणसावरून काहीच ठरत नाही. करंट नसलेल्या काहींचंही असंच झालंय."

"म्हणजे माझे दहा दिवस फुकट?"

"फुकट नाही. साठ जणांतल्या तुम्ही एक."

साठांतली एक! एवढा अपमान त्यांचा आयुष्यात कुणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तो कागद घेऊन रेत्नोच्या वर्गात शिरल्या. चार आया बसल्या होत्या. बाईंनी मोठ्यानं वाचलं, फक्त दुसरं वाक्य: "झटपट वापरताना मागे पडल्या!" रेत्नोनं कागद हिसकावला आणि पहिलं वाक्य वाचलं: "लवकर शिकल्या!" दोघी एकमेकींच्या अंगावर ओरडू लागल्या. एका माणसावरून काहीच ठरत नाही, हे कागदावरचं तिसरं वाक्य कुणीच वाचलं नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातली किनांती नावाची मुलगी कळवळली. तिचा हात पट्टीकडे जात होता आणि मागे येत होता. वुर्यानींनी धावत जाऊन पट्टी ओढून काढली. स्पंज पापडासारखा वाळलेला, आणि कपाळावर नाण्याएवढा लालभडक चट्टा.

"अगं, कोरडा आहे हा! कोरड्या स्पंजानं भाजतं, एवढंही ठाऊक नाही तुला?"

रेत्नोचा चेहरा पांढराफटक पडला. "पाणी सकाळी घातलं होतं मी," ती पुटपुटली.

"सकाळी! आणि तुम्ही चौघी," बाई आयांकडे वळल्या, "पोरगी भाजतेय आणि तुम्ही मजा बघताय? गाढविणींनो!"

महिन्याभरात रेत्नोनं फलक उतरवला आणि ती सिदोआर्जोला बहिणीकडे राहायला गेली. जाताना तिनं समोर पाहिलं नाही, आणि वुर्यानींनीही दार उघडलं नाही.

मुलं मात्र परतली नाहीत. गल्लीत बायका म्हणू लागल्या, "तिची पट्टी कपाळ भाजते, हिची जीभ काळीज. कशाला जायचं?" उरलेल्या सहांतलीही दोन गळाली.

एकदा किनांतीची आई लेकीला घेऊन ओसरीपाशी आली. कपाळावरचा डाग फिका पडला होता.

"बू, हिला शिकवाल? फक्त हिला टाकून बोलू नका. जमेल?"

वुर्यानींनी पोरीकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"नाही जमणार," त्या म्हणाल्या.

आईनं मान हलवली, पोरीचा हात धरला आणि चालू लागली. वुर्यानी आत वळल्या आणि उरलेल्या चौघांवर खेकसल्या, "काय बघताय? पुढची बेरीज!"