राजूर घाट आणि बाबाराव मिस्त्री

गाडी दुरुस्तीला आली, की बाबाराव मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसत. मालकाला बाकावर बसवून विचारत, "चालता चालता बंद पडते, का उभी केल्यावर?" उत्तर मिळेपर्यंत पान्याला हात लावत नसत.

वडिलांची जुनी पेट्रोल मोटार मी मलकापुरात त्यांच्याकडे नेली, तेव्हा मलाही तेच विचारलं. उन्हाळ्यात राजूर घाट चढून थांबलो, की ती पुन्हा सुरूच होत नाही, असं मी सांगितलं. वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली होती. यंदा घाटात अडकली तर ती भंगारात द्यायची, असं थोरल्या भावाने बजावलं होतं.

घाटात सगळेच करतात तेच मीही करत असे; कार्बोरेटरवर ओलं फडकं टाकून वाट पाहायची. बाबाराव हसले. "फडकं ताप आल्यावर ठेवतेत, मास्तर. ताप येऊच काऊन द्याचा?"

गाडी थांबली, की इंजिनाची धग वर चढते आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं, हे त्यांनी समजावलं. मला पटेना. तेव्हा म्हणाले, "घरी कुकर उचलता ना? त्याचा दांडा काऊन नाही भाजत?"

कुकरच्या दांड्यासारखीच धग अडवणारी, एका जुन्या स्विचबोर्डाची बॅकेलाइटची जाड पाटी त्यांनी कापली, दिवसभर कानशीने घासली आणि इंजिन व कार्बोरेटर यांच्या मध्ये बसवली. शेजारच्या गॅरेजातला सुभाष म्हणाला, "बाबाराव, आता इंजिनाले बटनंबी लावा." बाबाराव बोल्ट आवळत राहिले.

मे महिन्यातल्या दुपारी ते माझ्या शेजारी बसून निघाले. गंमत पाहायला सुभाष मोटारसायकलवर मागे. घाटमाथ्यावर त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि वीस मिनिटं थांबवलं. माझा हात सवयीने फडक्याकडे गेला. त्यांनी ते घेतलं आणि स्वतःचा घाम पुसला.

"मारा सेल्फ."

पहिल्याच किल्लीला इंजिनाने धरलं. वर्गातही आवाज न चढवणारा मी घाट उतरेपर्यंत हॉर्न वाजवत होतो.

बाबाराव गेले त्याला सव्वा महिना झाला. त्यांना पोचवून आम्ही स्मशानाबाहेर आलो, तेव्हा सुभाष माझ्याजवळ आला. "मास्तर, तो तुकडा एक दिवस खोलू द्या. माप घ्याचं हाय."

आता त्याच्या गॅरेजात तसे तुकडे कापून ठेवलेले असतात. हे काय, असं गिऱ्हाइकाने विचारलं, की तो सांगतो, "याले बाबाराव म्हनतेत."