मंजूनं नदीचा रंग बदलला नाही

मंजू गेली.
आणि तिचे बाबूजी तिच्याशी बोलले नाहीत ते नाहीतच.

काल केशोरीजवळ तिच्या गावी मातीला जाऊन आले.

लहानपणापासून सिकलसेल हा रक्ताचा आजार होता तिला. दुखणं उठायचं, चार दिवस ॲडमिट, की परत लॅपटॉप. यावेळी परत आलीच नाही.

नागपूरला आम्ही रूममेट. मी गोंदिया शहरातली, अर्धी हिंदी बोलणारी. ती पक्की झाडीपट्टीची, तिकडचीच बोली बोलणारी.

तिची पीएचडी स्टॅटिस्टिक्समधली. राज्याच्या वेगवेगळ्या भागांत नद्यांचा दुष्काळ किती तीव्र, हा विषय.
मी वैतागायचे, "यार, पाणी नाही म्हणजे नाही. त्यात मोजतेस काय?"
"तसं नसते व. प्रत्येक नदी तिच्या सवयीशीच ताडून पाहा लागते."

म्हणजे नेहमीपेक्षा पाणी किती कमी, किती काळ कमी. त्यावरून नकाशात रंग. गडद लाल म्हणजे अति तीव्र, फिकट पिवळा म्हणजे सौम्य.

आणि हिच्याच गावची नदी निघाली फिकट पिवळी!

तेव्हा गावात पाण्यावाचून धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, अडली होती. लोक आशेवर, की आपली पोरगी आपली नदी लाल दाखवेल, कोणीतरी दखल घेईल.

बाबूजी भडकले. मी तेव्हा तिच्यासोबत गावी गेले होते.
"धानाच्या बांधीत भेगा पडल्या आन् तू सौम्य लिवतेस? काऊन? कोनाची पोरगी आहेस तू?"

"बाबूजी, आपली नदी दरवर्षीच आटते. म्हनून आकड्याले ते नवं वाटत नाही. तरास कमी आहे असं नाही म्हनत मी."

"मंग लाल कर."

"नाही करत. आज आपली केली, तर उद्या कोनाच्याच नदीवर कोनी भरोसा ठेवनार नाही."

बाबूजी उठून गेले. तेव्हापासून बोलणं बंद.

तिनं फोन केला की आई उचलायची. "बाबूजी आहेत काय?"
"तलावावर गेले."
जेवायच्या वेळीही तलावावरच!

फोन ठेवून मंजू रडायची. पण रंग बदलला नाही. हट्टी कुठली!
उलट 'सौम्य' म्हणजे काय, ते गावातल्यांना कळेल अशा साध्या मराठीत लिहायला घेतलं होतं तिनं. अर्धंच राहिलं.

काल लोक पांगल्यावर बाबूजी माझ्याजवळ येऊन बसले.
"तिचं काम आता कोन पुरं करनार, बेटा?"
"नकाशा तिचे सर पुरा करतील, मराठीतलं मी लिहीन, बाबूजी."

मग म्हणाले, "लोक येतील तुह्याकडे, लाल कर म्हनत. मी बी येईन कदाचित. पन रंग बदलू देऊ नोको. पोरीनं लावला तोच राहू दे."

आणि हंबरडाच फोडला त्यांनी.
"हे तिले सांगाले पायजे होतं ना मी..."



मंजू, बाबूजी बोलले गं.
तू ऐकायला नव्हतीस.

जा बाई आता. जड मनानं निरोप देतेय तुला.