एका घोडीचं यंत्र

खंडेनवमीच्या सकाळी अण्णाचा पाय गवत कापायच्या यंत्रात गेला. यंत्राच्या आसनावर मी होतो. घोडी दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

एवढं लिहून मी चार दिवस वही मिटून ठेवली होती. अण्णा, माझा थोरला भाऊ, या माघात गेला. आता लिहायला हवं.

ते यंत्र त्याने छावणीतल्या एका भंगारवाल्याच्या आवारात पाहिलं होतं. कुणी गोरा साहेब घोडे पाळायचा. त्यांच्या गवतासाठी त्याने ते विलायतेहून आणवलं. साहेब बोटीत बसून गेला, यंत्र चिंचेखाली राहिलं. दोन लोखंडी चाकं, मधे भोकाभोकांचं आसन, पुढे एकाच घोड्यासाठी दोन दांड्या आणि उजवीकडे जमिनीलगत पसरणारा चार फुटी पाट. पाटावर करवतीसारखी तिकोनी पाती. घोडा चालला की चाकं फिरायची, चाकांच्या जोरावर पाती डावी-उजवीकडे सरकायची आणि गवत आडवं पडायचं. अण्णा हे सगळं हातवारे करून सांगत होता. समोर होता तो गंजाचा ढीग.

आता राजाजीनगरची घरं जिथे संपतात, तिथे तेव्हा तळ्याखाली आमचं कुरण होतं. गवत कमरेएवढं व्हायचं आणि विळा धरणारी माणसं एकेक करून नव्या कारखान्यांत लागली होती. घरात एक घोडी होती, जटक्याला, म्हणजे टांग्याला, जुंपायची. तेही अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कसंबसं चालवून घेतलं होतं. आमचे पूर्वज घोडदळाबरोबर या कानडी मुलखात आले, आणि तेव्हापासून घरात एक नेम होता: घोडा शेतीला लावायचा नाही. नांगर, कुळव, मोट, सगळं बैलाचं. दसऱ्याला घोड्याची पूजा करायची, आणि पूजा केलेल्याकडून मातीचं काम घ्यायचं नाही.

"पूर्वजांनी घोड्यावर बसून मुलूख मारला," अप्पा म्हणाले, "तुम्ही घोड्याच्या मागे बसून गवत मारा."

"मुलूख आता सरकारनं मारलाय, अप्पा. गवत तेवढं आपल्याकडे उरलंय."

अप्पा हसले नाहीत. यंत्र बैलगाडीवर चढून कुरणातल्या शेडमध्ये आलं, तरी दोन वर्षं त्यांनी तिथे पाय टाकला नाही.

लोहाराने यंत्राभोवती एक फेरी मारली. "हे यंत्र नव्हे स्वामी," तो कानडीत म्हणाला, "याचं दहावं-बारावं झालेलं आहे."

"तर मग श्राद्धाला आलायस असं समज," अण्णा म्हणाला. "सावकाश जेव, पण हातोडा काढ."

आसनाखालच्या पेटीत मेणकापडात गुंडाळलेली एक इंग्रजी पुस्तिका निघाली. अण्णाची शाळा लवकर सुटली होती. मी कॉलेजात होतो. वाचायचं आणि सांगायचं, हे माझं काम ठरलं. दर रविवारी शब्दकोश घेऊन मी एकेक पान मराठीत उतरवायचो आणि अण्णा त्याबरहुकूम एकेक भाग सोडवायचा. घासलेटात भिजवलेले नट पंधरा पंधरा दिवस हलायचे नाहीत. चाकांकडून पात्याला जोर पोचवणारी लाकडी दांडी कुजली होती; सुताराने ती बाभळीची करून दिली. एरंडेल पाजून पाजून एके दिवशी चाक फिरलं आणि पातं सरकलं. अण्णा मला मिठी मारेल असं वाटलं, पण त्याने यंत्रालाच थोपटलं.

आसनाच्या पुढे पायाशी एक खिट्टी होती. ती आत दाबली की चाकाबरोबर पातं चाले. बाहेर ओढली की यंत्र नुसत्या गाडीसारखं जाई. पुस्तिकेच्या नवव्या पानावर जाड अक्षरांत एक सूचना होती. ती मी मराठीत लिहून शेडच्या खांबावर चिकटवली: "पात्यापुढे जाण्याआधी खिट्टी बाहेर ओढावी." अण्णा ती पाठ म्हणायचा, श्लोकासारखी.

दोन हंगाम ते यंत्र चाललं. घोडीला सवय नव्हती, म्हणून अण्णा तिचा लगाम धरून पुढे चाले आणि आसनावर मी बसे. ओळीच्या तोंडाशी आलं की हाताने पाट खाली सोडायचा आणि पायाने खिट्टी दाबायची. ओळ संपली की उलट. शेकडो वेळा. पुढे पुढे मला ते आठवावंही लागत नसे; हात खाली गेला की पाय आपोआप दाबत असे.

तिसऱ्या वर्षी खंडेनवमीला अप्पा शेडमध्ये आले. जरीकाठी उपरणं, हातात कोहळा. मागे वहिनी, अण्णाची बायको, आरतीचं ताट घेऊन. अण्णाला काय करू आणि काय नको असं झालं. हत्यारांची पूजा, तशी घोडीचीही, म्हणून त्याने तिला झेंडू बांधून दांड्यांत उभी केली. चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा झाली की घोडीने ती चिरडत पुढे जायचं होतं. पाट वर उचलून बांधलेला होता.

अप्पांनी तो पाहिला. "म्यानातल्या तलवारीची कधी पूजा केलीय आपण? पातं उघडं करा."

"सोड रे खाली," अण्णा मला म्हणाला.

मी आसनावर चढलो आणि पाट खाली सोडला.

अण्णा अनवाणी पात्यापुढे वाकला आणि एकेका तिकोनी पात्याला कुंकू लावू लागला. "अण्णा, स्वल्प लौकर," मी म्हणालो. "घोडी फुलं खातेय."

"खाऊ दे. आज तिचाही सण आहे."

अप्पांनी यंत्रावरून कोहळा ओवाळला आणि मागच्या दगडावर आपटला. घोडी दचकली.

त्याच घोडीला जटक्याला जुंपून आम्ही अण्णाला इस्पितळात नेलं. अप्पांनी आपल्या उपरण्याने पाय आवळून धरला होता. वाटेत ते एकच वाक्य बोलले: "तिला शेतीला लावलंत." डॉक्टरांनी पाय घोट्याच्या वरून काढला.

खिट्टी मी दाबली होती. जटक्यात बसल्यावर मला ते कळलं: अजून तळपायाला ती थंड लागत होती. पण अप्पा घोडीला दोष देत होते, आणि शुद्धीवर आल्यावर अण्णा म्हणाला, "मी वाकायच्या आधी बघायला हवं होतं. आदल्या दिवशी मीच आत ठेवली असणार." मी त्याच्या उशाशी बसून होतो. मी म्हणालो, "आता त्याचा विचार करू नकोस."

सुताराने कुबडी आणून दिली तेव्हा अण्णा हसून म्हणाला, "यंत्राच्या दांडीतलं लाकूड उरलं होतं वाटतं?" तेवढंच हसणं. त्यानंतर त्याने कुठल्याही यंत्राला हात लावला नाही. पेठेतल्या एका कापडदुकानात गादीवर बसून थानं मोजली. मुलांनी सायकल आणली तर शिकवायला उठला नाही. "माझं लक्ष नसतं," म्हणायचा. "माझ्यावर भरवसा नको." ज्या माणसाने गंजाच्या ढिगातून पातं चालवलं, तो घरातला दिवा लावतानाही वहिनीला विचारायचा, नीट लागलाय ना?

काही वर्षांनी कुरण नव्या वस्तीसाठी गेलं. यंत्र हलवायला आम्ही दोघं गेलो. अण्णा कुबडी टेकून त्याच्याजवळ उभा राहिला. खिट्टी तशीच आत होती, गंजून बसलेली.

"बघ," तो म्हणाला. "आतच आहे. एवढं वाचून दाखवलं होतंस तू."

सांगायला तेवढी जागा पुरेशी होती. मी खांबावरचा कागद शोधू लागलो. तो वाळवीने खाल्ला होता.

त्याच्या तेराव्यानंतर मी वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"त्यांना सांगायचं होतं, भावजी," ती म्हणाली. "मला सांगून काय?"

मग खाली बघतच: "रात्री दोनदा दोनदा उठून कडी बघायचे. मी चिडायचे त्यांच्यावर."

यंत्र भंगारात गेलं. आसन तेवढं मी काढून ठेवलं होतं. ते गच्चीवर आहे. पुस्तिका माझ्या कपाटात आहे, आणि तिच्यात माझ्या अक्षरात मराठीत उतरवलेलं नववं पान.