देवाचे बेडूक

गेल्या उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाजवळच्या एका मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावातील बेटावर गावाने देवासाठी सिमेंटचा ओटा बांधला. त्याखाली खडकातली ओलसर फट बुजली. अंगठ्याएवढ्या एका जातीचा बेडूक त्या फटीत राहत असे, तिथल्याच शेवाळात अंडी घालत असे. तो अन्यत्र आढळल्याची नोंद नाही.

त्या वेळी ताराबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला होत्या. त्या याच गावच्या, गोंड समाजातल्या, निवृत्त शिक्षिका. बातमीसाठी मी प्रथम बेटावर गेलो तेव्हा डोंग्यातून उतरण्याआधीच त्यांनी हटकले होते. "पेपरवाले भाऊ, बूट काढा. तुमच्या एका पायाखाली पुरा मोहल्ला चेंगरून जाईल." तळव्याने चाचपल्याशिवाय त्या पुढचे पाऊल टाकत नसत. "पाणी साऱ्यालेच दिसते. ओल पाहाले शिका," असे त्यांचे नेहमीचे म्हणणे.

मासे धरणारे हे बेडूक गळाला लावत. ताराबाईंनी कायदा सांगितला; कोणी ऐकले नाही. मग त्यांनी गावसभेत सांगितले, हे बेटावरच्या देवाचे बेडूक आहेत. गळ बंद झाले. "कायद्याले कोणी भेत नाई, भाऊ. देवाले भेतेत," हे सांगताना त्या हसल्या होत्या.

डोळ्यावर पट्टी असतानाच त्या ओटा फोडायला सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बेटावर गेल्या. मी सोबत होतो. ओट्यावर त्यांचा धाकटा भाऊ देवराव बसला होता. बांधकामात पुढाकार त्याचाच.

"ऊठ, देवराव. खाली जीव घुसमटून राह्यले."

"बाई, देवाच्या ओट्याले सब्बल लावून राह्यली?"

"त्यानं ओटा मांगतला होता?"

"तूच सांगतलं ना, बेडूक देवाचे हाय. मंग देवाले उघड्यावर ठेवाचं?"

"मी माह्या मनानंच सांगतलं होतं रे. देव काई बोलला नव्हता मले."

"हे गावाले सांगू? उद्यापासून लावू बेडूक गळाले?"

ताराबाईंनी सब्बल खाली ठेवली.

त्यानंतर खाली ओल झिरपावी म्हणून त्या रोज ओली बारदाने ओट्याच्या कडेला अंथरत. गावातल्या बायांना ती सेवा वाटली. त्या हळदीचे पाणी आणून ओतू लागल्या. "नका वं बायांनो, मरतीन ते!" ताराबाई हात जोडत. बाया देवालाच हात जोडत.

बहिणीची ही रोजची खटपट पाहून शेवटी देवरावनेच ओट्याचा कोपरा फोडला. सिमेंट फटीत हातभर आत उतरून घट्ट झाले होते.

पावसाळा संपेपर्यंत ताराबाई रोज बेटावर जात होत्या. एकही बेडूक आढळला नाही.